बोलणं आधीच थांबलं होतं

मोबाइलवरून खरेदी होऊ लागली आणि दुकानदाराशी बोलणं संपलं, असं काहीजण म्हणतात. हे मत मला अर्धंच पटतं. ते बोलणं त्याच्या कितीतरी आधी कमी होऊ लागलं होतं. पूर्वी गिऱ्हाईक काउंटरपाशी यादी वाचायचं आणि माल काढून द्यायचा दुकानदार. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने पिगली विगली हे दुकान उघडलं आणि लोकांच्या हातात टोपली देऊन स्वतःच फळीवरून माल घ्यायला सांगितलं. खरा बदल तिथे झाला. शिफारस करणारा माणूस मधून गेला, की ते काम वेष्टनालाच करावं लागतं.

टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. हे अमेरिकेतल्याच ओक्लाहोमामधल्या सिल्वन गोल्डमन या दुकानदाराने हेरलं. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली आणि १९३७ मध्ये चाकांची गाडी आली: घडी होणारा सांगाडा, त्यात वर-खाली दोन टोपल्या. सुरुवातीला लोक तिला हातही लावेनात, म्हणून दुकानात गाडी ढकलत फिरायला त्याने माणसं पगारावर ठेवली!

आज स्क्रीनवर तीच गाडी चित्ररूपात दिसते, फक्त ती कधी भरत नाही आणि हातालाही जड लागत नाही. मला काळजी वाटते ती याची. संवाद तुटल्याचं दुःख मलाही आहे, पण ‘आता पुरे’ असं सांगणारं ते ओझं गेलं, हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.