गुन्ह्यातलं रक्त खासगी प्रयोगशाळेत तपासायला द्यावं का?

कोरा कागद:
माझं मत आधीच सांगतो, देऊ नये. सरकारी प्रयोगशाळांत नमुने तुंबलेत हे मान्य. पण इंग्लंडचं उदाहरण बघा. तोट्यात चाललेली सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस २०१२ मध्ये बंद केली, कामं खासगी कंपन्यांकडे गेली. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या एका खासगी प्रयोगशाळेत आकडे फिरवल्याचं उघड झालं. दहा हजारांहून जास्त प्रकरणं संशयाच्या फेऱ्यात, त्यातली बहुतेक गाडी चालवण्याच्या गुन्ह्यांची. काही नमुने तर पुन्हा तपासण्याजोगे उरलेच नव्हते.

वळचण:
सरकारी म्हणजे सोवळं, असं कुणी सांगितलं? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची अ‍ॅनी डूखान सरकारी प्रयोगशाळेतच होती. (रक्त नव्हे, अमली पदार्थ. पण रोग तोच.) न तपासताच ‘तपासलं’ लिहायची. सहकाऱ्यांच्या कितीतरी पट नमुने उरकते म्हणून वरिष्ठ खूश! २०१७ मध्ये २१ हजारांहून जास्त खटले रद्द करावे लागले. आणि तुंबलेल्या नमुन्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगितलंच नाहीत. त्याच इंग्लंडात ड्रग्ज घेऊन गाडी चालवल्याचा खटला गुन्ह्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. अहवाल सातव्या महिन्यात आला तर आरोपी मोकळा सुटून घरी.

शंखपुष्पी:
मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते, तेव्हा जरा नळीबद्दल. अल्कोहोलसाठी राखाडी टोपणाची नळी घेतात, तळाशी सोडियम फ्लोराइडची पूड असते. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, की पूड नीट मिसळते. घाईत लोक तशीच रॅकमध्ये उभी करतात. पूड मिसळली नाही आणि रक्तात जंतू शिरले, तर ते साखरेपासून नळीतच अल्कोहोल तयार करू शकतात. उलट गांजाचा अंश पडून राहिला की घटतो. म्हणजे नमुना रांगेत थांबला तर नुसता उशीर होत नाही, पुरावाच बदलत असतो. सरकारी रांग की खासगी, नळीला काय कळतंय?

कोरा कागद:
नळीचं पटलं. पण पुढे कोर्टात काय? न्यू मेक्सिकोच्या बुलकमिंग खटल्यात रक्तातल्या अल्कोहोलचा अहवाल होता. तो करणारा विश्लेषक बिनपगारी रजेवर, म्हणून साक्षीला दुसराच उभा केला. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही म्हणून सांगितलं. २०२४ मध्ये स्मिथ विरुद्ध अ‍ॅरिझोना खटल्यातही बदली तज्ज्ञाने गैरहजर विश्लेषकाचं म्हणणं आपल्या तोंडून खरं म्हणून मांडण्यावर न्यायालयाने आक्षेप घेतला. आता नमुने हजार मैलांवरच्या कंपनीकडे पाठवा आणि प्रत्येक तारखेला तिथला माणूस आणा!

गोट्या:
अहवाल एकाचा, साक्ष दुसऱ्याची, तुरुंगात तिसरा 😀

वळचण:
अहो कोरा कागद, मग भांडण साक्षीशी आहे, कंत्राटाशी नाही. करारातच घाला की सही करणारा कोर्टात येईल, नाही आला तर त्या नमुन्याचे पैसे नाहीत.

शंखपुष्पी:
आणि नमुन्याचा दुसरा भाग आरोपीला मिळायला हवा. इंग्लंडात मागितला तर देतात, तो आपल्या खर्चाने दुसरीकडे तपासून घेता येतो. फक्त ती कुपी त्याच्या हातात पडते, पुढे ती नीट ठेवायची जबाबदारी त्याची. रात्री दोन वाजता ठाण्यातून सुटलेला माणूस खिशातली कुपी फ्रीजमध्ये ठेवेल याची मला तरी खात्री नाही.

कोरा कागद:
वळचण, अट कागदावर झकास आहे. पण कंत्राट मिळणार सगळ्यात कमी बोलीवाल्याला. तिथे पगार कमी, माणसं टिकत नाहीत. दोन वर्षांनी समन्स निघेल तेव्हा सही करणारा कधीच सोडून गेलेला असेल.

वळचण:
असेलही. पण तुम्ही ज्याचा दाखला दिलात, तो बुलकमिंगचा बिनपगारी रजेवरचा विश्लेषक कुठला होता ते बघा एकदा. न्यू मेक्सिकोच्या आरोग्य खात्याच्याच प्रयोगशाळेतला. सरकारी.