पिढीजात झऱ्याचा कारखाना पाहायला जाताना नेमके काय पाहावे?

वाटसरू :
झऱ्याचे पाणी बाटल्यांत भरणारा, चार पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेला एक जुना कारखाना पुढच्या महिन्यात पाहण्याचा योग आहे. मालक स्वतः सोबत फिरणार आहेत, पण वेळ जेमतेम दीड तासाचा आहे. इतर कारखान्यांत माझा बहुतेक वेळ पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहण्यातच गेला होता, म्हणून या वेळी तरी पाण्याविषयी आणि ते इतकी वर्षे कसे राखले याविषयी समजून घ्यावे असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भूजल :
बाटल्या भरण्याची जागा शेवटी पाहावी. आधी झऱ्याच्या वरच्या अंगाची जमीन दाखवायला सांगावे. पाऊस जिथे मुरतो ती जमीन हेच अशा कुटुंबाचे खरे भांडवल असते आणि ती पुष्कळदा दुसऱ्यांच्या मालकीची असते. फ्रान्समधील व्हिटेल येथे लुई बुलूमिए यांनी १८५४ मध्ये झरा विकत घेऊन धंदा सुरू केला. पण तो वाढून मोठी कंपनी झाल्यावर, १९८०च्या दशकात, परिसरातील मक्याच्या शेतीमुळे पाण्यातील नायट्रेट (खतांतून पाण्यात उतरणारा क्षार) वाढण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा कंपनीने पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आणली नाहीत, कारण नैसर्गिक खनिज पाण्याला तशी मुभाच नसते. तिने शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून त्यांना मका आणि कीटकनाशके सोडायला मोबदला दिला. तुमच्या यजमानांचे शेजाऱ्यांशी असे काही ठरले आहे का, हे अवश्य विचारा.

पाण्याचे वयही विचारा. १९५०-६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे पावसाच्या पाण्यात ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप) वाढले होते. त्याच्या प्रमाणावरून पाणी त्याआधी मुरले की नंतर, याचा अंदाज बांधता येतो.

जुनी काच :
जुन्या बाटल्यांचे कपाट असेलच. त्यात बुडाशी निमुळती, उभी न राहणारी बाटली दिसली तर ती आडवीच ठेवण्यासाठी घडवलेली असते, कारण बूच ओले राहिले तरच फुगलेले राहते आणि आतला वायू निसटत नाही. पुढे १८७२ मध्ये हायरम कॉड यांची गोटीची बाटली आली आणि १८९२ मध्ये विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट घेतले. (मला विचाराल तर या झाकणाने बाटलीची सगळी गंमत घालवली.) मात्र संथ, वायूविरहित पाण्याला या खटाटोपाची गरज नव्हती, हे लक्षात ठेवून कपाट पाहावे.

वाटसरू :
मनापासून आभार. एक शंका आहे : झऱ्याचे पाणी म्हणजे कोणतीही प्रक्रिया न केलेले पाणी, असे समजावे का?

भूजल :
सरसकट नाही, ते त्या देशाच्या नियमांवर अवलंबून आहे. युरोपीय संघात नैसर्गिक खनिज पाण्याचे निर्जंतुकीकरण चालत नाही. लोह किंवा मँगनीजसारखे घटक मात्र काढता येतात. अमेरिकेत झऱ्याच्या पाण्यावर जंतू मारण्यासाठी ओझोन वायूची प्रक्रिया सर्रास होते. ओझोन लवकर विरून जातो, पण पाण्यात ब्रोमाइड हा क्षार असेल तर त्यापासून ब्रोमेट हा अपायकारक घटक तयार होतो, म्हणून ब्रोमेटची तपासणी होते का, हे विचारायला हरकत नाही. अमेरिकेतच विंधन विहिरीतून उपसलेले पाणीही झऱ्याचे म्हणून विकता येते. अट अशी की ती विहीर झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या थरातलीच असावी आणि उपसा चालू असतानाही झरा नैसर्गिकपणे वाहत राहावा. तेव्हा उगमापाशी उभे राहून पाणी खरोखर वाहते का, ते डोळ्यांनी पाहा.

पाणी फसफसते असेल तर त्यातला वायू कुठून येतो, हेही विचारा. १९९० मध्ये पेरियर या फसफसत्या पाण्याच्या फ्रेंच कंपनीला, तिच्या बाटल्यांत बेंझीन हे घातक रसायन आढळल्यामुळे, सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. त्याचे मूळ पाण्यात नव्हते. पाण्यापासून वेगळा गोळा करून नंतर त्यात मिसळल्या जाणाऱ्या झऱ्याच्या कार्बन डायऑक्साइड वायूत बेंझीन असतेच आणि ते शोषणारे गाळणीचे साहित्य वेळेवर बदलले गेले नव्हते.

जुनी काच :
एक राहिलेच. चव पाहायला पाणी दिले तर ते गार न केलेले मागून घ्या. गारठ्यात क्षारांची चव दबते.