मदत हवी आहे : पॅकेज सोडल्यावर दुसऱ्या ग्रंथालयांकडून लेख मागवण्याच्या मागण्या किती वाढतील?

आमच्या ग्रंथालयाला प्रकाशकाचं मोठं पॅकेज (अनेक जर्नल्सची एकत्रित वर्गणी) सोडून निवडकच जर्नल्स घ्यायची आहेत. वर्गणी भागिले एकूण डाउनलोड हा हिशेब फसवतो, कारण त्यात सर्वांना मोफत असलेले मुक्त लेखही मोजले जातात. म्हणून काउंटर (ऑनलाइन वापर मोजण्याचं प्रमाणित मानक) च्या टीआर_जे१ या जर्नल-वापर अहवालातल्या ‘युनिक आयटम रिक्वेस्ट्स’ (एका सत्रात तोच लेख अनेकदा उघडला तरी एकदाच मोजणारा आकडा) घेतल्या. त्या अहवालात मुक्त लेख वगळलेले असतात. टीआर_जे४ या दुसऱ्या अहवालात प्रकाशनवर्ष दिसतं, त्यावरून कायमचा हक्क असलेले जुने अंकही वजा केले.

अडलंय ते पुढे. लेखकांनी रिपॉझिटरीत (संस्थेच्या किंवा विषयाच्या मुक्त ऑनलाइन संग्रहात) ठेवलेल्या प्रती अनपेवॉल या मोफत प्रती शोधणाऱ्या सेवेवर सापडतात, पण एम्बार्गो (अशी प्रत खुली करण्याआधी थांबण्याचा काळ) बरेचदा ६ ते १२ महिन्यांचा, आणि वाचकाला हवा असतो ताजाच लेख! अशा वेळी आंतरग्रंथालयीन मागण्यांचा (दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवण्याचा) अंदाज कसा बांधता? बंद केलेल्या जर्नलच्या आधीच्या १०० डाउनलोडमागे प्रत्यक्ष किती मागण्या आल्या, हे कोणी मोजलं असेल तर कृपया विषयवार सांगा.