कर्णनादावरील सशुल्क पर्यायी उपचारक्रम: पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

निःशब्द (मूळ प्रश्न)

गेल्या चौदा महिन्यांपासून माझ्या दोन्ही कानांत बारीक शिट्टीसारखा आवाज, म्हणजेच कर्णनाद, सतत येतो आहे. दिवसा कामाच्या ओघात तो मागे पडतो, परंतु रात्री दिवा मालवला की त्या आवाजाखेरीज खोलीत दुसरे काही उरतच नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले, श्रवणचाचणीत उच्च पट्टीतील आवाज थोडे कमी ऐकू येत असल्याचे दिसले आणि ‘यावर औषध नाही, सवय करून घ्या’ एवढे सांगून त्यांनी मला परत पाठवले. त्या एका वाक्याने मी जितकी खचले तितकी कानातल्या आवाजाने खचले नव्हते.

त्यानंतर शोधता शोधता बारा आठवड्यांचा एक सशुल्क उपचारक्रम सापडला. त्यात जिंकोसह काही वनस्पतींच्या गोळ्या, मानेचे व्यायाम, आहाराचे पथ्य, ठरावीक ध्वनिफिती आणि रोज सकाळ-संध्याकाळ आवाजाच्या तीव्रतेला शून्य ते दहा गुण देण्याची एक वही आहे. रक्कम आगाऊ भरावी लागते आणि ती आमच्या घराला जड जाईल इतकी आहे. ‘मूळ कारणावर उपचार’ आणि ‘गुण न आल्यास पैसे परत’ अशी दोन आश्वासने ठळकपणे दिलेली आहेत; मात्र गोळ्यांचे प्रमाण आणि व्यायामांचा तपशील पैसे भरल्यावरच कळतो, आणि ज्यांचे अनुभव तिथे दिले आहेत ते सगळेच्या सगळे बरे झालेले आहेत. मला शंका येते, पण रात्री दोन वाजता तीच शंका फार दुबळी होते. असा क्रम कोणी पूर्ण केला आहे का? आणि त्यात तथ्य किती आहे, हे माझ्यासारख्या सामान्य व्यक्तीने कसे ओळखावे?

ध्वनिरेखा

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. ‘सवय करून घ्या’ हे अर्धेच वाक्य आहे. सवय कशी होते आणि तिला मदत कशी करता येते, हा त्याचा दुसरा अर्धा भाग तुम्हाला कोणी सांगितला नाही, आणि तीच रिकामी जागा हे उपचारक्रम भरून काढतात.

आतल्या कानातील ध्वनिग्राहक पेशी वयाने किंवा गोंगाटाने कमी झाल्या की मेंदूकडे जाणारा संदेश त्या पट्टीत क्षीण होतो आणि मेंदूतील श्रवणयंत्रणा स्वतःची संवेदनशीलता वाढवून ती उणीव भरून काढू पाहते, अशी कर्णनादाची आजची प्रचलित उपपत्ती आहे. श्रवणाचा मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापल्यावरही काही रुग्णांचा आवाज कायम राहिल्याची नोंद आहे, यावरून तो निव्वळ कानात तयार होत नाही हे दिसते. मेलेल्या ग्राहक पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे ‘मूळ कारणावर उपचार’ असे कोणी म्हणत असेल, तर त्यांच्या मते तुमचे मूळ कारण कोणते आणि ते त्यांनी कोणत्या तपासणीने ठरवले, हे आधी विचारा. तपासणीच झालेली नसेल, तर ते वाक्य निराधार आहे.

जिंकोबद्दल अंदाज बांधण्याची गरज नाही, कारण त्याची नीट चाचणी झालेली आहे. 2001 मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत 1121 जणांनी भाग घेतला होता. त्यांपैकी निम्म्यांना जिंको आणि निम्म्यांना औषधी गुण नसलेल्या हुबेहूब गोळ्या बारा आठवडे दिल्या गेल्या, आणि कोणाला काय मिळते आहे हे सहभागींना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, मेलाटोनिन, जस्त आणि अन्य पूरक आहार कर्णनादासाठी सुचवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. जिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.

अनुभवकथनांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांची फसगत तिथे होते. आवाजाचा त्रास चढउताराने जातो आणि माणूस पैसे भरतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. पुढे काहीही केले किंवा काहीही केले नाही, तरी पुष्कळांचा त्रास काहीसा उतरतो. 2019 मध्ये अमेरिकी सैन्यदलाशी संबंधित 151 जणांवर टिनिटस रिट्रेनिंग थेरपी (टिनिटस म्हणजे कर्णनाद; समुपदेशन आणि मंद ध्वनी यांच्या मदतीने त्याची सवय लावणे) या प्रसिद्ध पद्धतीची चाचणी झाली. एका गटाला पूर्ण उपचार, दुसऱ्याला तोच उपचार पण दिखाऊ ध्वनियंत्रासह, तर तिसऱ्याला नेहमीची काळजी मिळाली. दीड वर्षात तिन्ही गटांना आराम पडला, आणि त्यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. आता कल्पना करा, पहिल्याच गटातील लोकांचे अनुभव छापले असते, तर वाचणाऱ्याचा विश्वास किती सहज बसला असता!

दिवसातून दोनदा गुण देण्याच्या वहीची मला विशेष काळजी वाटते. मेंदूने एखाद्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकावे म्हणून आपण प्रयत्न करायचा, आणि त्याच वेळी रोज दोनदा कान लावून तो मोजायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आम्ही त्रास मोजतो तो 25 प्रश्नांच्या एका प्रमाणित प्रश्नावलीने, आणि तोही आठवड्यांच्या अंतराने. त्यात आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो झोप, एकाग्रता आणि मनःस्थिती किती बिघडवतो याला महत्त्व असते.

सध्या पुराव्याचा सर्वांत भक्कम आधार आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीला, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराला. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 28 अभ्यास आणि 2733 सहभागी होते. या उपचाराने आवाज बंद होत नाही, मात्र त्याचा जीवनावरचा भार हलका होतो. उपचार संपल्यानंतर सहा किंवा बारा महिन्यांनी हा लाभ किती टिकतो, याचा पुरावा मात्र अजून अपुरा आहे.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा ऐकू येणे अचानक कमी झाले असेल, तर कोणत्याही क्रमाची वाट न पाहता लगेच तज्ज्ञांकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवस मोलाचे असतात.

उत्तररात्र

मी असाच एक क्रम पूर्ण केला आहे. नाव लिहीत नाही. आठव्या आठवड्यात माझ्या वहीतील गुण आठवरून पाचवर आले होते. त्याच सुमारास त्यांनी माझा अनुभव मागितला आणि मी मनापासून, कृतज्ञतेने तो लिहून दिला. क्रम संपल्यावर महिनाभरात सर्दी झाली आणि आवाज पुन्हा पूर्वीइतका झाला. तसे कळवल्यावर मी पथ्य काटेकोरपणे पाळले नसावे असे उत्तर आले, आणि त्यासोबत ‘प्रगत टप्प्या’चे शुल्कपत्रकही आले. पैसे परत मागितले, तेव्हा वहीतील तीन दिवसांच्या नोंदी कोऱ्या असल्याने हमी लागू होत नाही असे सांगण्यात आले. ती अट करारात खरोखरच होती. मी ती वाचली नव्हती.

पैशांपेक्षा मला अधिक टोचते ते हे, की आठव्या आठवड्यातील माझा अनुभव तिथे अजून तसाच आहे. तो काढून टाकावा म्हणून मी दोनदा लिहिले. कदाचित तुम्ही वाचलेल्यांपैकी एक मीच असेन, आणि म्हणूनच हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटले. माझा आवाज आजही आहे. एका मानसशास्त्रज्ञांकडे आठ सत्रे घेतल्यावर मी रात्री झोपू लागलो. आवाजाची भीती गेली, आवाज नाही.

मध्यमार्ग

शंका एकाच बाजूने घेतली जाऊ नये, एवढेच सुचवतो. मला नेहमीच्या दवाखान्यातून कित्येक महिने बीटाहिस्टीनच्या (चक्कर येण्यावर दिल्या जाणाऱ्या) गोळ्या दिल्या गेल्या होत्या. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2020 च्या सूचनांत केवळ कर्णनादासाठी हे औषध देऊ नये असे म्हटले आहे, हे मला फार उशिरा समजले. शिवाय मानेचे व्यायाम किंवा श्वसनाची साधना यांनी ज्याला बरे वाटते त्याने ती अवश्य करावी. त्यासाठी बारा आठवड्यांचे शुल्क आगाऊ भरण्याची गरज नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

निःशब्द

आपणा सर्वांची मी ऋणी आहे, विशेषतः उत्तररात्र यांची. मी त्या संस्थेला दोनच प्रश्न लेखी विचारले: माझे मूळ कारण आपण कसे ठरवणार, आणि उपचार न घेतलेल्या गटाशी आपण कधी तुलना केली आहे का? उत्तर आले, की प्रत्येक रुग्णाची प्रकृती वेगळी असल्यामुळे अशी तुलना करता येत नाही. पहिल्या प्रश्नाचा उल्लेखही त्यात नव्हता. हे उत्तर मला पटावे असे वाटत राहिले, म्हणून पुन्हा विचारते: प्रकृती वेगळी असते हे खरेच आहे ना?

ध्वनिरेखा

खरे आहे, आणि नेमके त्याच कारणाने तुलना करावी लागते. सगळे रुग्ण सारखे असते, तर एकावर करून पाहिले तरी पुरले असते. माणसे वेगवेगळी असतात म्हणूनच मोठ्या संख्येने घेऊन, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली जातात. म्हणजे वेगळेपण दोन्ही बाजूंना सारखे विखुरले जाते आणि उरलेला फरक उपचाराचा आहे की नाही ते कळते.

तुमच्या श्रवणचाचणीत उच्च पट्टीत घट आहे, तेव्हा श्रवणयंत्र काही आठवडे चाचणीपुरते वापरून पाहता येईल का, हे तुमच्या तज्ज्ञांना विचारा. बाहेरचे आवाज पुरेसे पोचू लागले की काहींना आतला आवाज कमी जाणवतो. तोवर झोपण्याची खोली पूर्ण निःशब्द ठेवू नका. 1953 मध्ये नीट ऐकू येणाऱ्या 80 प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांच्यापैकी 94 टक्के लोकांनी कानात काही ना काही आवाज येत असल्याचे सांगितले होते. पंख्याची घरघर किंवा पावसाची मंद ध्वनिफीत कानातल्या आवाजाच्या किंचित खालच्या पातळीवर लावा, आणि ती वही घेतली असेल तर बंद करून ठेवा.