उसाचं बिल पतसंस्थेत ठेवू का?

प्रश्न (कागल, कोल्हापूर): उसाचं बिल ४ लाख जमा झालंय. गल्लीतली पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते, म्हणून आबा म्हणतात तिकडंच ठेव. माझं मन धजत नाही. काय करू?

उत्तर १: दादा, थांबा. बँक बुडाली तर २०२० पासून ठेव विम्यातून व्याजासकट ५ लाखांपर्यंत मिळतात, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला ते कवच नाही. आमच्या आईनं म्हशीच्या दुधातून साठवलेले ८० हजार एका पतसंस्थेत अडकलेत. सहा वर्षं हेलपाटे घालतोय.

उत्तर २: आधी सोसायटीचं पीककर्ज भागवा. मुदतीत फेडलं तरच व्याजात सवलत मिळते.

प्रश्नकर्ता: ९० हजार आहे, सोमवारीच भरतो. उरलेलं बँकेत. तुमच्या आईंचं आबांना वाचून दाखवलं. गप्प बसले.