मदत हवी आहे: मराठी-कन्नड-तेलुगू मजकूर स्क्रीन रीडरवर नीट ऐकू यावा यासाठी

नमस्कार मंडळी. सोलापुरी चादरींच्या नक्षीवर माझी वैयक्तिक वेबसाइट आहे; ती स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नीट चालावी अशी खटपट आहे. मजकूर मराठी, अधूनमधून कन्नड आणि तेलुगू शब्द त्यांच्याच लिपीत (सोलापूरच ते, तिन्ही भाषा येणारच).

एचटीएमएल टॅगवर लँग (मजकुराची भाषा सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) ‘एमआर’, म्हणजे मराठी, आहे. परक्या लिपीतल्या शब्दांभोवती स्पॅन (मजकुराच्या तुकड्याला लावायचा टॅग) घालून लँग ‘केएन’ (कन्नड), ‘टीई’ (तेलुगू) दिलंय. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए (स्क्रीन रीडर) आणि ई-स्पीक (त्याला आवाज देणारा प्रोग्रॅम) यांच्या जोडीने आवाज बरोबर बदलतो. फोनवरचा स्क्रीन रीडर मात्र तेलुगू शब्द सरळ गाळतो. तिन्ही भाषांचे आवाज डाउनलोड केलेले आहेत. एआरआयए-लेबलमध्ये (स्क्रीन रीडरने दिसणाऱ्या मजकुराऐवजी वाचायचं नाव) उच्चार देवनागरीत लिहिणं हा मार्ग मला पटत नाही: साध्या स्पॅनवर ते लेबल चालेलच असं नसतं, आणि ब्रेल डिस्प्लेवर (मजकूर उठावदार ठिपक्यांत दाखवणारं उपकरण) चुकीचं अक्षर जाईल ते वेगळंच. दुसरा उपाय आहे का?

दुसरं, अक्षरांमधलं अंतर. डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) कसोटीप्रमाणे ०.१२ ईएम (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) लेटर-स्पेसिंग लावलं की शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट १.५ आणि वर्ड-स्पेसिंग ०.१६ ईएमला काही बिघडत नाही. लेटर-स्पेसिंग देवनागरीपुरतं शून्य ठेवलं तर चालेल ना?

रंगांचा प्रश्न नाही, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट ४.५:१ च्या वर आहे.

नक्षीच्या फोटोंचा ऑल्ट मजकूर (फोटोऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) किती लांब ठेवावा? ‘चादरीचा फोटो’ एवढ्याने कुणाला काय कळणार? सध्या ऑल्टमध्ये एक ओळ आणि सविस्तर वर्णन फोटोखाली आहे.

जुळे सोलापूर, होटगी रोड भागात रोज स्क्रीन रीडर वापरणारं कुणी दहा मिनिटं साइट तपासून देईल का?