तंजावरी चित्राचा एक्स-रे काढून काही कळेल का?

बडोदेकर: देवघरात पणजीचं तंजावरी बाळकृष्णाचं चित्र आहे, चेहरा नंतर कोणीतरी रंगवलाय असं वाटतं, एक्स-रेत खालचा मूळ चेहरा दिसेल का?

रावपुरावाला: दिसू शकतो, पण रंगांवर आहे सगळं. सफेद्यात (पांढऱ्या रंगात) शिसं, हिंगुळात (लाल रंगात) पारा, ते किरण अडवतात म्हणून फिल्मवर पांढरे उमटतात, नीळ वनस्पतीची म्हणून जवळपास गायब! शिवाय तंजावरीत खडे, फळीतले खिळे सगळं एकावर एक दिसतं.

चित्रवेडी: रंगाखालचं कोळशाचं रेखाटन हवं तर इन्फ्रारेड किरणांनी काढलेला फोटो लागेल. बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चमधल्या चित्रात कोकराचा वरून रंगवलेला चेहरा तपासून काढला, खाली १४३२ चा मूळ चेहरा निघाला, कसले बोलके डोळे आहेत!

रावपुरावाला: आधी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागात विचारून बघा. तोवर ओलं फडकं अजिबात लावू नका प्लीज, रंग सुटेल.